लवचीक ऑरगॅनिक लाइट सेन्सर करायला घेताय? आधी अंधार मोजा

ऑरगॅनिक फोटोडिटेक्टरच्या, म्हणजे कार्बनी पदार्थांच्या लाइट सेन्सरच्या, कामात शिरणारा प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात नव्या पॉलिमरची यादी घेऊन येतो. ती बाजूला ठेवा. पहिले दोन-तीन महिने पी-थ्री-एचटी (प्रकाश शोषणारा पॉलिमर) आणि पीसीबीएम (इलेक्ट्रॉन घेणारा फुलरीन रेणू) ही जुनी जोडीच वापरा. तिच्याकडून काय मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे डिव्हाइस बिघडलं की दोष मटेरियलवर ढकलता येत नाही. आणि सगळ्यात आधी बघायचा आकडा म्हणजे डार्क करंट, अंधारातही डिव्हाइसमधून गळणारा प्रवाह. सोलर सेलला थोडी गळती चालते. सेन्सरला किती मंद प्रकाश ओळखता येईल, हे मात्र बरंचसं त्या गळतीवरच ठरतं.

म्हणून सोलर सेलची रेसिपी जशीच्या तशी उचलू नका. तिथे सक्रिय थर (या जोडीचा, प्रकाश शोषणारा) १०० ते २०० नॅनोमीटरचा असतो, इथे ३०० किंवा थोडा जास्तच ठेवा. पातळ थरात पिनहोल (बारीक छिद्रं) राहतात, आयटीओ या पारदर्शक विद्युतवाहक थरावरची बारीक टोकं वर घुसतात आणि गळती वाढते. फार जाड केलात तर चार्ज बाहेर पडायला वेळ लागतो. खालून वर क्रम असा: पीईटी (प्लास्टिकची फिल्म), आयटीओ, झिंक ऑक्साइड, सक्रिय थर, १० नॅनोमीटर मॉलिब्डेनम ऑक्साइड, १०० नॅनोमीटर चांदी.

निम्मी डोकेदुखी खालच्या फिल्मचीच. पीईटी ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं, पीईएन हे दुसरं प्लास्टिक १२० च्या. सोल-जेल (द्रावणातून थर बनवून भाजायच्या पद्धतीचं) झिंक ऑक्साइड १५० ते २०० अंशांवर भाजायची काचेवरची सवय इथे सोडा. नॅनोकणांची तयार शाई घ्या, ती १०० अंशांच्या आत वाळते. नुसती फिल्म स्पिन कोटरवर (द्रावण फिरवून पसरवणाऱ्या यंत्रावर) ठेवली तर व्हॅक्यूममुळे मधोमध खळगा पडतो आणि थरात वर्तुळं उमटतात. काचेवर पीडीएमएसचा (सिलिकॉन रबरचा; बेस आणि क्युरिंग एजंट १०:१) थर द्या, तो पक्का झाला की फिल्म एका कडेपासून हळूहळू टेकवत न्या. बुडबुडा राहिला तर चांदी चढवायच्या इव्हॅपोरेटरच्या व्हॅक्यूममध्ये तो फुगून फिल्म उचलतो. आयटीओची बाजू कुठली, हे मल्टिमीटरने आधीच तपासा. उलट्या बाजूवर कोटिंग करणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

सक्रिय थराच्या द्रावणासाठी पी-थ्री-एचटी आणि पीसीबीएम प्रत्येकी ३० मिलिग्रॅम, १ मिलिलिटर डायक्लोरोबेन्झीनमध्ये, ६० अंशांवर रात्रभर ढवळत ठेवा. ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गरम असतानाच गाळा. थंड झालं की जेल होतं आणि फिल्टर तुंबतो. ८०० आरपीएमपासून सुरुवात करा आणि जाडी मोजून वेग ठरवा. ओला थर पेट्री डिशखाली सावकाश वाळू द्या. नारिंगी रंग जाऊन गडद जांभळट छटा आली की पी-थ्री-एचटीच्या साखळ्या नीट बसल्या. मग १०० अंशांवर १० मिनिटं पुरतात. हे सगळं फ्यूम हूडमध्ये किंवा ग्लोव्ह बॉक्समध्येच करा. क्लोरिनवाले द्रावक नायट्राइल हातमोज्यांतून लवकर झिरपतात, थेंब सांडला तरी मोजे बदला.

चांदी चढल्यावर क्रोकोडाइल क्लिप लावायचा मोह होतो. क्लिपचे दात थर चिरडतात आणि डिव्हाइस शॉर्ट. कडेला, जिथे सक्रिय थर पुसून काढला आहे तिथे, सिल्व्हर पेस्टने वायर जोडा.

मोजमाप बंद काळ्या डब्यात करा. सोर्समीटरच्या (व्होल्ट देऊन करंट मोजणाऱ्या यंत्राच्या) डिस्प्लेचा उजेडसुद्धा आत जाता कामा नये. उणे १ किंवा २ व्होल्ट दिल्यावर करंट लगेच टिपू नका. तो बराच वेळ उतरत राहतो, स्थिर होऊ द्या. मग ५३० नॅनोमीटरचा एलईडी घ्या आणि कॅलिब्रेटेड सिलिकॉन फोटोडायोडने त्याची शक्ती मोजा. क्वांटम एफिशियन्सी (पडलेल्या दर १०० फोटॉनमागे मिळणारे इलेक्ट्रॉन) ६० टक्के असेल तर रिस्पॉन्सिव्हिटी (दर वॉट प्रकाशामागे मिळणारा करंट) ०.६ गुणिले ५३० भागिले १२४०, म्हणजे ०.२६ अँपिअर प्रति वॉटच्या आसपास यायला हवी. याच्या कितीतरी पट आली तर आनंद नंतर, आधी एलईडीचा ठिपका डिव्हाइसपेक्षा मोठा आहे का आणि कडेचा भागही करंट देतोय का, ते बघा. डिटेक्टिव्हिटी (किती मंद प्रकाश ओळखता येतो त्याचं माप) नुसत्या डार्क करंटवरून काढली की आकडा फुगतो; नॉइज प्रत्यक्ष मोजा.

वेग मोजताना एक सापळा हमखास असतो. ४ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ आणि ३०० नॅनोमीटर जाडी असली की कपॅसिटन्स सुमारे ०.४ नॅनोफॅरड होतो. ऑसिलोस्कोपचा इनपुट रोध १ मेगाओहमवर असेल तर नुसत्या आरसीमुळेच (रोध गुणिले कपॅसिटन्स) राइज टाइम जवळपास १ मिलिसेकंद दिसतो. लोक मटेरियल संथ म्हणून टाकून देतात, आणि दोष बटणाचा असतो. ५० ओहमवर घ्या. सिग्नल फार बारीक पडला तर ट्रान्सइम्पीडन्स ॲम्प्लिफायर (करंटचं व्होल्टेज करून वाढवणारं सर्किट) लावा. केमिस्ट्रीतून येणाऱ्यांनी एवढं ऑप-ॲम्पचं काम पहिल्याच सत्रात शिकून घ्यावं. फिजिक्सवाल्यांची अडचण उलटी असते, त्यांना द्रावण गाळायचा कंटाळा येतो.

वाकवण्याची चाचणी शेवटी. ताण म्हणजे फिल्मची जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. १२५ मायक्रॉनची फिल्म ५ मिलिमीटर त्रिज्येवर वाकवली तर १.२५ टक्के ताण पडतो, आणि आयटीओ साधारण १ ते २ टक्क्यांत तडकतो. ५० मायक्रॉनच्या फिल्मवर तोच ताण ०.५ टक्के. वर तेवढ्याच जाडीची फिल्म चिकटवली तर डिव्हाइस मधल्या पातळीवर येतं आणि ताण जवळपास नाहीसा होतो. काचेवरून सोडवतानाही हेच गणित लागू आहे: झटक्यात उपटलेल्या फिल्मची त्रिज्या १-२ मिलिमीटरवर जाते, आणि चाचणीआधीच आयटीओला भेगा पडतात. म्हणून सोडवण्यापूर्वी आणि सोडवल्यानंतर, दोन्ही वेळा डार्क करंट आणि आयटीओचा रोध मोजून वहीत लिहा.