घरचा पीसी असेंबल करताना आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

अभ्यास, हिशेब, व्हिडिओ एडिटिंग, मुलांचं कोडिंग आणि अधूनमधून एखादा गेम, हे सगळं एकाच मशीनवर आणि मोजक्या पैशांत हवं असेल, तर असेंबल केलेल्या पीसीला पर्याय नाही. मी नातेवाइकांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी असे बरेच बांधले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजारात, प्रत्येक दुकानात वेगळा सल्ला मिळतो, म्हणून यादी घरीच पक्की करून निघा. त्या यादीत सगळ्यात जपून निवडायचा तो एसएमपीएस, म्हणजे मशीनच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा.

सुरुवात प्रोसेसरपासून. बजेट कमी असेल तर ग्राफिक्स कार्ड आज घेऊच नका. आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी हा माझा नेहमीचा. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅटचा. नावातल्या त्या शेवटच्या ‘जी’कडे नीट बघा. नुसत्या ५६००मध्ये ग्राफिक्स नसतं आणि इंटेलच्या ‘एफ’वाल्या प्रोसेसरमध्येही नसतं. दोन पैसे वाचतात म्हणून तो उचलला, की घरी येऊन मॉनिटरवर काहीच दिसत नाही. रायझन ८६००जीचं ग्राफिक्स बरंच चांगलं आहे, पण त्याला एएम५ सॉकेटचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो) आणि नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच लागते. म्हणून नुसता प्रोसेसरचा भाव न बघता प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम अशा तिन्हींची बेरीज करून ठरवा.

मदरबोर्ड ५६००जीसाठी बी५५० चिपसेटचा, रॅमच्या चार स्लॉटचा. जुना बी४५० मिळत असेल तर दुकानातच बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्या, नाहीतर तो हा प्रोसेसर ओळखणार नाही.

रॅम ८ जीबीच्या दोन. ‘आता १६ची एकच घ्या, दुसरी पुढे टाकू’ हा सल्ला अशा मशीनला मारक आहे, कारण आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच चालतं. ३२०० वेगाच्या एका डीडीआर४ रॅममधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जातो, दोन लावल्या की ५१.२. चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा.

डेटा साठवायला एसएसडी ५०० जीबीची, खोक्यावर ‘एनव्हीएमई’ (जास्त वेगाचा प्रकार) लिहिलेली.

आता एसएमपीएस. इथे मी स्वतः मार खाल्ला आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

माझ्या पहिल्या मशीनमध्ये कॅबिनेटबरोबर आलेलाच एसएमपीएस होता. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट. सहा महिन्यांनी एक साधं ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि व्हिडिओ एक्सपोर्ट करताना मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. कोणी व्हायरस म्हणालं, कोणी रॅम. मी विंडोज तीनदा टाकलं, रॅम बदलली. एका संध्याकाळी फट्‌ असा आवाज झाला, जळका वास आला, आणि मदरबोर्ड व हार्ड डिस्क दोन्ही गेले. डिस्कवर बहिणीचं कॉलेजचं पूर्ण प्रोजेक्ट होतं. ते परत मिळालं नाही.

नंतर मी त्या एसएमपीएसच्या बाजूचं लेबल वाचलं. १२ व्होल्टच्या रकान्यात १५ अँपिअर. १२ गुणिले १५, म्हणजे १८० वॅट. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टचे आकडे मिळवून फुगवलेले. जुन्या काळी प्रोसेसरला वीज ५ व्होल्टमधून जायची. पेंटियम ४च्या सुमारास ती १२ व्होल्टवर आली, आणि आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात. म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, १२ व्होल्टसमोरचे अँपिअर बघा. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ३६च्या आसपास असतात, म्हणजे ४३२ वॅट खरोखर मिळतात.

एवढे कशाला? ५६००जी पूर्ण ताणला तर ८८ वॅटपर्यंत घेतो. पुढे आरएक्स ६६०० सारखं कार्ड टाकलंत तर त्याचे १३२. पंखे, बोर्ड, डिस्क धरून पावणेतीनशेच्या आत बसतं. म्हणजे खरा ४५० पुरतो आणि मोकळीकही राहते. ‘सेफ्टीसाठी ७५०चा घ्या’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ते पैसे एसएसडीत घाला. मात्र कार्डासाठी लागणारी आठ पिनची केबल त्यात आहे ना, ते आजच बघा.

‘८० प्लस ब्राँझ’चा शिक्का असावा, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो: अर्ध्या भारावर किमान ८५ टक्के कार्यक्षमता. सुरक्षेची ती परीक्षा नव्हे. शिक्के खोटेही छापतात, म्हणून मॉडेल नंबर ८० प्लसच्या अधिकृत यादीत तपासा. हातात घेऊन वजन बघण्याचा जो सल्ला देतात, त्यावर माझा विश्वास नाही. वॉरंटी मात्र किमान तीन वर्षांची हवी, आणि जीएसटीच्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. एकूण खर्चाचा दहावा हिस्सा इथे गेला तरी कुरकुर करू नका. सेकंडहँड मॉनिटर घ्या, सेकंडहँड प्रोसेसर घ्या. सेकंडहँड एसएमपीएस घेऊ नका.

कॅबिनेट पुढून जाळीचं, दोन पंख्यांचं, आणि एसएमपीएसशिवाय. ‘फुकट येतोय तर राहू द्या’ असं दुकानदार म्हणेल. तो परत करा आणि तेवढे पैसे कमी करायला सांगा.

मशीन जोडल्यावर कॅबिनेटला हात लावून झिणझिण्या आल्या, तर लगेच नव्या एसएमपीएसला दोष देऊ नका. बहुतेकदा सॉकेटला अर्थिंग नसतं. मशीन बंद ठेवून आधी वायरमन बोलवा. मग पहिल्याच आठवड्यात, दुकानदार बदलून देतो तोवर, एक मोठा व्हिडिओ तासभर एक्सपोर्टला लावा आणि मशीन रीस्टार्ट होत नाही ना, हे बघत तिथेच बसून राहा.