गोष्टी ऐकायला येताय? मग या चुका टाळा

गेली सात वर्षं महिन्यातनं एकदा आमच्या पेठेतल्या तालमीच्या हॉलात गोष्टींची बैठक बसते, लॉकडाऊनपासनं झूमवर पण चालते, आणि सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांनीच गोष्ट मोडलेली मी जास्त बघितलीय. त्याच त्या चुका सांगून घसा बसला म्हणून आता लिहूनच काढतोय.

कथाकथन म्हटलं की शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर ही नावं निघतात, त्यातले शंकर पाटील तर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे, त्यामुळं लोकांना वाटतं पुढं स्टेज असणार, आपण खुर्चीत टेकून बसायचं नि हसायचं. इथं तसं नसतंय. इथं सांगणारी शेजारच्या गल्लीतली मावशी असते, तिनं जन्मात माईक धरलेला नसतो, ती तुमच्या तोंडाकडं बघून सांगते.

म्हणून पहिली आणि सगळ्यात वाईट चूक म्हणजे मोबाईल वर करून शूटिंग. शिरोळ तालुक्यातल्या एक आजी 2019 च्या महापुराची गोष्ट सांगत होत्या. पाणी गोठ्यात शिरलंय, म्हशीचं दावं भिजून गाठ आवळलीय, सुटता सुटंना, आणि आजी दोन्ही हाताच्या बोटांनी ती गाठ आमच्यासमोर हवेत सोडवत होत्या. हॉलात कुणी श्वास घेत नव्हतं. तेवढ्यात एक पोरगा उठला, पुढं जाऊन त्यानं फ्लॅश मारला. आजींनी पदर डोक्यावर घेतला, ताठ बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि "नमस्कार" म्हणून पुस्तकी मराठीत सुरू झाल्या. मघाशी 'म्हस' होती तिची 'म्हैस' झाली. दोन मिनिटांत गोष्ट संपली, गाठ सुटली का नाही ते राहूनच गेलं. पोराला वाटलं आपण गोष्ट जपून ठेवली, त्याच्या मोबाईलात गोष्ट नव्हतीच.

तेव्हापासनं मी दारात एक बुट्टी ठेवतो, मोबाईल त्यात. रेकॉर्ड करायचंच असेल तर नुसता आवाज, सांगणाऱ्याला आदल्या दिवशी विचारून, आणि फोन सुरुवातीपासनं चटईवर पालथा ठेवून द्यायचा, मधे हात लावायचा नाही. आणि "रेकॉर्डिंग टाका, सावकाश ऐकतो" म्हणणाऱ्यांना मी पाठवत नाही, राग येऊ दे. कितीतरी जणांना पाठवून बघितलं, एकानंही ऐकल्याचं कळवलं नाही.

उशिरा आलात तर चालू गोष्ट संपेपर्यंत दारातच थांबा. शेवट आधी माहीत असला तरी ओठ मिटून बसा. कुरकुऱ्यांचं पाकीट घरी खाऊन या.

आता ऑनलाईनचं. इथं घोळ हुंकाऱ्याचा होतोय. आपल्या घरात आजी गोष्ट सांगायची तेव्हा "हं, मग?" म्हणायला लागायचं, नाही म्हटलं की ती म्हणायची झोपलास व्हय रे. झूमवर सगळे शिस्तीत म्यूट. एक काका चकव्याची गोष्ट सांगत होते, चार मिनिटांत तीन वेळा थांबले, "ऐकू येतंय काय?" समोर काळे चौकोन, त्यात नुसती नावं. चौथ्यांदा विचारलं नि म्हणाले, जाऊ दे, परत कधीतरी. पुढच्या महिन्यात मी सगळ्यांना अनम्यूट केलं, तर कुणाचा मिक्सर, कुणाचं कुत्रं, आणि प्रत्येक "हं" ला सांगणाऱ्याचा आवाज मधेच दबायला लागला, कारण झूम ज्याचा आवाज येईल त्याला पुढं काढतंय.

माझी सवय आता ठरलेली आहे. दोनच माणसं हुंकाऱ्याला नेमायची, वायरचा इअरफोन लावून, त्यांचा माईक चालू. बाकीचे म्यूट, पण कॅमेरा चालू आणि तोंडावर उजेड, म्हणजे मान हललेली तरी दिसते. सांगणाऱ्याच्या झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करून द्या, नाहीतर ते मांडीवर थाप मारतात, दाराची कडी वाजवून दाखवतात, ते सगळं गोंगाट समजून गाळलं जातंय. फुकटच्या झूमला 40 मिनिटांची मर्यादा आहे, तेव्हा मी पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोनच गोष्टी ठेवतो.

नवीन पोरांना एकच सांगणं, पहिल्याच दिवशी "मी पण सांगतो" म्हणून उठू नका. तीन बैठका नुसतं ऐका. हमखास बाजीप्रभू निवडता, 1660 ची ती रात्र इथं लहान पोरालाही पाठ आहे, आणि तुम्ही पाठ्यपुस्तकातली वाक्यं मोठ्या आवाजात म्हणता, ती पण मोबाईलात बघून. त्यापेक्षा तुमचा आजा पन्हाळ्याच्या उताराला गवत कापायला जायचा, तो परत येताना कशाला भ्याला होता ते सांगा की. आठवत नसेल तर घरी जाऊन विचारून या, आम्ही पुढच्या महिन्यापर्यंत थांबतो.

आणि गोष्ट संपल्या संपल्या टाळ्या नकोत, "हे खरंच घडलं काय?" तर अजिबात नको. पाच मिनिटं बसा, मागं चहा ठेवलेला असतो, तो घेतल्यावर सांगणारीच आपणहून राहिलेलं बोलायला लागते.