बाळाच्या कानाच्या टेस्टमध्ये 'रेफर' आलं तर काय करायचं

आमच्या बाळाची टेस्ट दुसऱ्याच दिवशी झाली, सिस्टर जाता जाता म्हणाल्या "डाव्या कानाला रेफर आलंय, परत दाखवा" आणि गेल्या, बास, मी रात्रभर त्या एवढ्याशा कानाकडं बघत बसले. तुमच्यावर तशी रात्र येऊ नये म्हणून हे लिहितेय.

रेफर म्हणजे परत तपासा एवढंच, बहिरं नव्हे, हे आधी स्वतःला सांगा. ओएई म्हणजे ही कानाची पहिली टेस्ट, तिच्यात कानात बारीक प्रोब (छोटी नळी) ठेवून आवाज सोडतात आणि आतून येणारा प्रतिसाद मोजतात, पहिल्या एक-दोन दिवसांत कानात पाणी नाहीतर चिकटा असतो, बाळ रडत असतं, वॉर्डात गोंगाट असतो, तेवढ्यानंही रेफर येतं. कायमचा दोष हजारात साधारण १-२ बाळांनाच निघतो.

डिस्चार्जआधी कुठला कान, कुठली टेस्ट, परत कधी, हे कागदावर लिहून घ्या, त्या वेळी डोक्यात काही राहत नाही. बाळ ५ दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर ओएई पास आली तरी बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूकडं नीट पोचतो का ते बघणारी टेस्ट, करायची का ते विचाराच. १ महिन्यात स्क्रीनिंग, ३ महिन्यांत पक्कं निदान, ६ महिन्यांच्या आत उपचार, हा हिशेब धरा. कोल्हापुरात सरकारीत बघायचं असेल तर सीपीआर हॉस्पिटलला ईएनटी (कान-नाक-घसा) ओपीडीत चौकशी करा. जाताना बाळाला पाजून, झोपलेलं न्या, टेस्ट लवकर होते.

खरं अवघड असतं ते घरातलं. आजी ताट वाजवून बघणारच, बाळ दचकलं की "ऐकतंय की गं, कशाला दवाखाना". पण मोठ्या आवाजाला दचकणाऱ्या बाळाला हळू बोललेलं ऐकू येतंच असं नाही, म्हणून त्या भरवशावर तारीख चुकवू नका. आजीशी भांडूही नका, ती पण घाबरलेली असते. "ग्रहणात बाहेर पडली होतीस" असं कुणी म्हटलं तर मात्र बाळाच्या बाबानं तिथल्या तिथं बोलायचं, बाळंतिणीवर सोडायचं नाही. आणि बाबा गप्प असेल तर त्याला काही वाटत नाही असं धरू नका, माझा नवरा रंकाळा तलावावर जाऊन रडून आला होता, मला महिन्यानं कळलं. रडू थांबत नसेल, झोप उडाली असेल तर तुमच्या डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांगा.

बारसं पुढं ढकलू नका. आमच्याकडं आत्यानं कुर्र केलं ते मुद्दाम डाव्या कानात, फेरतपासणी अजून आठ दिवसांवर होती.