मुंबईहून विमानाचे अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

आधी तिकिटावर निघण्याचा विमानतळ बीओएम आहे की एनएमआय, हे पाहावे. पहिला मुंबईतला छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ, दुसरा नवी मुंबईचा.

अंतरासाठी निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन संगणकावर बृहद्वृत्ताचे, म्हणजे गोल पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या मार्गाचे, अंतर काढावे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजण्याचा सल्ला पूर्णपणे चुकीचा आहे. मुंबईहून दिल्ली सुमारे 1,140, दुबई 1,930 आणि लंडन 7,200 किलोमीटर भरते. आकडा सागरी मैलांत मिळाल्यास त्याला 1.852 ने गुणावे.

अंदाजासाठी या अंतराला ताशी 850 किलोमीटरने भागून धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे आणि उतरणे यांसाठी पाऊण तास मिळवावा.

खरी अडचण येते ती तिकिटावरून वेळ काढताना, कारण तिथे निघण्याची वेळ मुंबईची आणि पोहोचण्याची वेळ त्या शहराची छापलेली असते. दुपारी 1 वाजता निघून लंडनला संध्याकाळी 6 वाजता उतरणारे विमान पाच तासांत पोहोचत नाही. ‘दोन शहरांतला फरक मिळवा किंवा वजा करा’ असे सरसकट सांगितले जाते. पण काय कधी करायचे हेच नेमके विसरते, म्हणून ती पद्धत मी कायमची सोडली आहे. दोन्ही वेळा आधी ग्रीनिचच्या प्रमाणवेळेत आणाव्यात. मुंबईच्या वेळेतून साडेपाच तास वजा केले की 1 चे सकाळचे 7:30 होतात. लंडनच्या उन्हाळी वेळेतून एक तास वजा केला की 6 चे 5, म्हणजे 17:00, होतात. प्रवास साडेनऊ तासांचा.

इथेच माझी मोठी चूक झाली होती. आईच्या नोव्हेंबरमधल्या लंडन प्रवासासाठी मी उन्हाळ्यातला साडेचार तासांचा फरक तसाच वापरला, प्रवास एक तासाने कमी धरला आणि तिच्या गोळ्यांचे सगळे वेळापत्रक चुकले. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते, त्यामुळे हिवाळ्यात हा फरक साडेपाच तासांचा असतो. दुबईत घड्याळ बदलत नाही. तिथला फरक वर्षभर दीड तासच राहतो. म्हणून प्रवासाच्या तारखेचा फरक पाहिल्याशिवाय आकडेमोड सुरूच करू नये, आणि पोहोचण्याच्या वेळेशेजारी ‘+1’ छापले असेल तर 24 तास मिळवायला विसरू नये.

परतीचा वेळ जाण्याच्या वेळेवरून ठरवू नये. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे लंडनहून मुंबईला येताना सहसा कमी वेळ लागतो. परतीच्या तिकिटाचा हिशेब त्याच पद्धतीने, पण स्वतंत्रपणे मांडावा.