ठोकळ्यांची आवराआवर मुलांकडूनच

बालवाडीत खेळ संपला की ठोकळ्यांचा पसारा ताईंच्याच गळ्यात पडतो, कारण 'जागेवर ठेव' म्हटलं तरी जागा कुठली हे मुलाला कळत नाही. फळीवर ठोकळ्याची बाह्यरेषाच चिकटवून टाका.

१. प्रत्येक प्रकारातला एक ठोकळा गडद रंगाच्या कागदावर ठेवून पेन्सिलीने कडेकडेने रेघ मारा आणि आकार कापा. माप ठोकळ्याएवढंच हवं. लहान करून काढलेलं चित्र इथे चालत नाही, कारण मूल ठोकळा त्यावर ठेवून ताडून बघतं.
२. आकार फळीच्या पृष्ठभागावर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा आणि वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी मारा. लांब, जड ठोकळे सर्वांत खालच्या फळीवर.
३. आवरायच्या पाच मिनिटं आधी सांगा. मग 'सगळं आवरा' न म्हणता एकेकाला एकच आकार द्या: 'तू त्रिकोण शोध.'

लांब ठोकळ्याच्या जागी दोन अर्धे बरोबर बसतात, हे एखाद्याच्या लक्षात येतं आणि आवरणं तिथेच थांबतं. थांबू द्या. लांबी नि निम्मेपण हाताला कळतंय, ते घाईपेक्षा मोलाचं. (दोन त्रिकोणांचा चौकोनही असाच सापडतो.)

चिकटपट्टीची टोकं मात्र आठवड्यातून एकदा तपासा. सुटलेलं टोक लहान मुलं हमखास सोलतात आणि तुकडा थेट तोंडात जातो.