घरच्या घरी सीआरपी टेस्ट करताय? मग हे बघून घ्या

पावसाळ्यात खानापूर बाजूला तापाची साथ आली की बेळगावला लॅबला जायला अर्धा दिवस मोडतो, म्हणून आता बरेच जण बोटातून रक्त काढून बघायचं सीआरपी किट घरी आणून ठेवतात.

सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, लिव्हर तयार करतं ते प्रोटीन, अंगात सूज किंवा इन्फेक्शन झालं की वाढतं. पण लगेच नाही हं, वाढायलाच ६ ते ८ तास लागतात आणि टोक गाठायला साधारण ४८, त्यामुळे सकाळी ताप आला नि दुपारी टेस्ट निगेटिव्ह आली तर लगेच खूश होऊ नका की.

एक्स्पायरी बघा. हात कोमट पाण्यानं धुवून पूर्ण कोरडे करा, अनामिकेच्या बाजूला टोचा, मधोमध टोचलं तर जास्त दुखतं. पहिला थेंब पुसून टाका, दुसरा घ्या, आणि बोट पिळत बसू नका, रक्तात बोटाच्या पेशींभोवतालचं पाणी मिसळून आकडा चुकतो. रिझल्ट किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचायचा, उशिरा उमटलेली रेघ धरायची नाही. उपाशी राहायची गरज नाही.

आकडा १० मिग्रॅ/लिटरच्या खाली असेल तर बहुतेक ठीक, १०० च्या वर गेला तर सरळ डॉक्टर. मधला आकडा मात्र काहीच ठरवत नाही, व्हायरल, संधिवात, कशानंही वाढतो, त्यावरून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. डेंग्यू यात कळत नाही, त्याला एनएस१ (डेंग्यूच्या विषाणूचं प्रोटीन शोधणारी रक्ताची टेस्ट) आणि प्लेटलेट्स वेगळ्या बघाव्या लागतात. धाप लागत असेल, माणूस बरळत असेल, किंवा तान्ह्या बाळाला ताप असेल तर टेस्ट राहू दे, गाडी काढा.