गालाक्सिदी: डेल्फी बघायचं तर मुक्काम खाली समुद्राकाठी टाका

ग्रीसला जाणारे बहुतेक लोक डेल्फी, म्हणजे अपोलो देवाचा कौल घ्यायला जुन्या काळी लोक यायचे ते डोंगरावरचं ठिकाण, अथेन्सवरून एका दिवसात उरकतात. पहाटे बस, बरोब्बर भर उन्हाच्या वेळी देवळापाशी, गाईड घड्याळ दाखवतोय, आणि रात्री परत अथेन्सच्या हॉटेलात, पायाचे तुकडे पडलेले. माझं मत विचाराल तर असं करूच नका. डेल्फीपासून साधारण ३३ किलोमीटरवर, खाली कोरिंथच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर गालाक्सिदी नावाचं छोटंसं बंदराचं गाव आहे, तिथं दोन-तीन रात्री काढा आणि डेल्फीला खालून वर जा. जुन्या काळातले कितीतरी यात्रेकरू असेच यायचे, बोटीने किर्राच्या बंदरात उतरायचं आणि मग डोंगर चढायचा. किर्रा म्हणजे आत्ताच्या इतेआच्या अगदी शेजारचं गाव, गालाक्सिदीहून गाडीने वीसेक मिनिटं.

आधी कागदपत्रांचं पटकन सांगतो. शेंगेनचा शॉर्ट स्टे व्हिसा लागतो, मोठ्यांना फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना फुकट. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो, पण खरं सांगायचं तर उन्हाळ्याच्या सीझनला अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही त्यामुळे १५ दिवसांच्या भरवशावर अजिबात राहू नका. ३०,००० युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स हवा. गाडी चालवणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच काढून न्या, तिथं गेल्यावर काही करता येत नाही.

आता जायचं कसं. अथेन्सहून साधारण २०० किलोमीटर. केटेल नावाच्या बस असतात, प्रत्येक जिल्ह्याची वेगळी कंपनी, आपल्याला फोकिदावाली पाहिजे. ती डेल्फी, इतेआ करत गालाक्सिदीला येते, साडेतीन-चार तास धरून चला. काही फेऱ्या इतेआलाच संपतात, म्हणून तिकीट काढताना थेट आहे का बदलायची ते विचारा, आणि रविवारी फेऱ्या कमी असतात. बसने सगळं जमतं, पण गाडी असली तर मजा दुप्पट, कारण या रस्त्यावर थांबायच्या जागाच इतक्या आहेत की बसच्या खिडकीतून त्या निघून जाताना बघवत नाही.

गाडीने येताना लिवादियाला थांबा, तिथं क्रिया नावाचे झरे आहेत, गावातच, खळाळतं थंड पाणी आणि मोठी झाडं, शेजारी सुवलाकीची, म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाची, दुकानं. तिथून थोडं उत्तरेला खेरोनिया, रस्त्याच्या कडेलाच दगडी सिंह बसलेला आहे, ख्रिस्तपूर्व ३३८ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने अथेन्स आणि थीब्जचा इथं पराभव केला त्या लढाईची खूण. हा सिंह लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे. मग दिस्तोमोकडे वळून ओसिओस लूकासचा मठ बघा, ११व्या शतकातले सोनेरी मोझेक, १९९० पासून युनेस्कोच्या यादीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ओढणी किंवा स्टोल गाडीत वरतीच ठेवा. दिस्तोमो गावात एक स्मारक आहे, १० जून १९४४ ला एसएस म्हणजे नाझी जर्मनीच्या सैनिकांनी इथल्या २१८ गावकऱ्यांना मारलं, बायका आणि तान्ही मुलंसुद्धा. जमलं तर तिथं दहा मिनिटं थांबून या. त्यानंतर आराखोवा, हे पार्नासोस डोंगरावरचं स्कीईंगवाल्यांचं गाव, थंडीत जाम महाग आणि उन्हाळ्यात शांत, इथलं फोर्माएला चीज तव्यावर भाजून देतात ते खाऊन बघा.

डेल्फी वाटेत लागतं, पण त्या दिवशी थांबू नका, सरळ खाली उतरा. रस्ता वळणं घेत उतरायला लागला की समोर अम्फिसाचं ऑलिव्हचं रान दिसतं, दहा लाखांच्या घरात झाडं, डोंगराच्या पायथ्यापासून थेट समुद्रापर्यंत नुसता हिरवा-करडा रंग. गंमत म्हणजे याच मैदानावरून जुन्या काळी युद्धं झाली. किर्राचे लोक यात्रेकरूंना लुबाडायचे म्हणून ख्रिस्तपूर्व ६व्या शतकाच्या सुरुवातीला किर्रा पाडलं आणि ही जमीन अपोलोला वाहिली, म्हणजे इथं कोणी नांगर धरायचा नाही. पुढे दोन-अडीचशे वर्षांनी अम्फिसावाल्यांनी ती कसायला घेतली, त्यावरून भांडण पेटलं, त्या निमित्ताने फिलिपला बोलावणं गेलं, आणि तो आला तो थेट खेरोनियापर्यंत. तर तो सिंह या ऑलिव्हच्या रानामुळे तिथं बसलाय असं म्हटलं तरी चालेल, अर्थात फिलिपला निमित्तच हवं होतं ते वेगळं.

गालाक्सिदीत पोचलात की गाडी कुठेतरी वरच लावा आणि पायी फिरा, गल्ल्या अरुंद आहेत. गावाला दोन बंदरं, मोठं आगोरा आणि छोटं खिरोलाकास, मध्ये टेकाडावर घरं आणि आगिओस निकोलाओसचं चर्च, खलाशांचा संत तो, आत लाकडावरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे. या एवढ्याशा गावात एवढी टोलेजंग घरं कशी असा प्रश्न पडतो, ती जहाजांच्या कप्तानांची आणि मालकांची. १८२१ च्या सप्टेंबरमध्ये स्वातंत्र्ययुद्धात ऑटोमन आरमाराने गाव जाळलं होतं, त्यातून उठून १९व्या शतकात इथल्या लोकांनी शिडाच्या जहाजांवर जोरदार धंदा केला, आणि मग वाफेची जहाजं आली. गालाक्सिदीवाले शिडालाच धरून राहिले आणि धंदा बसला. म्हणूनच गाव जसंच्या तसं राहिलं, मध्येच काँक्रीटची हॉटेलं उभी राहिली नाहीत. सागरी म्युझियम छोटं आहे पण चुकवू नका, जहाजांची चित्रं आणि पुढच्या टोकावरच्या लाकडी बायका, हे बघितलं की बाहेरची घरं वेगळीच दिसायला लागतात. म्युझियम सकाळीच करा, दुपारचा भरवसा नाही.

दुपारवरून आठवलं. साधारण ३ ते साडेपाच गाव झोपतं. दुकानं बंद, रस्त्यावर मांजरं सोडून कोणी नाही, आणि या वेळात आवाज करू नये असा नियमच आहे. सोमवार, बुधवार, शनिवारी छोटी दुकानं दुपारनंतर उघडतच नाहीत. तेव्हा फळं, पाणी, औषध काय लागेल ते एकच्या आत घ्या आणि दुपारी पोहायला जा.

पोहायला वाळूचा बीच शोधत बसू नका, इथं गोटे आणि खडक आहेत. बंदराच्या पलीकडच्या बाजूला पाइनच्या झाडांची लांब जीभ आहे, पेरा पान्ता म्हणतात, तिच्या कडेने पायवाट जाते आणि जागोजागी पाण्यात उतरता येतं, सावली फुकट. समोरून अख्खं गाव दिसतं ते वेगळंच. रबरी बूट न्याच, खडकांवर समुद्री अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखे प्राणी, असतात आणि काटा रुतला की सुट्टीचे दोन दिवस लंगडत जातात. आखात असल्यामुळे लाटा फार नसतात, मुलांना बरं पडतं. सप्टेंबर अखेरपर्यंत पाणी मस्त कोमट असतं, माझ्या मते मे-जून किंवा सप्टेंबर हाच काळ घ्या, ऑगस्टमध्ये आणि शनिवार-रविवारी अथेन्सची जनता येते आणि खोल्यांचे भाव चढतात.

खोलीचं एक बघा, सरकारी क्लायमेट फी वेगळी द्यावी लागते, बुकिंगच्या आकड्यात बहुतेक वेळा धरलेली नसते. एप्रिल ते ऑक्टोबर एक-दोन स्टारला रात्री २ युरो, तीन स्टारला ५, चार स्टारला १०, आणि थोड्या दिवसांसाठी भाड्याने घेतलेल्या फ्लॅटला ८. हे माणशी नाही, खोलीमागे. आणि हो, टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारी डबा असतो त्यात, इथले पाईप बारीक असतात.

जेवणाचं. मासे खाणाऱ्यांना काही सांगायची गरज नाही, फक्त एवढंच की ताजा मासा किलोवर विकतात, तेव्हा आत जाऊन मासा निवडा, वजन करायला सांगा आणि भाव विचारून मगच हो म्हणा, यात कोणालाही वाईट वाटत नाही. गोठवलेला माल असेल तर मेनूत खूण असते. ब्रेडचे थोडे पैसे बिलात लागतात. बिल न देणाऱ्याला पैसे द्यायला गिऱ्हाईक बांधील नाही असा कायदाच आहे.

शाकाहारी लोकांनी घाबरायचं कारण नाही उलट ग्रीस हा युरोपातला सगळ्यात सोपा देश आहे असं मी म्हणेन. गिगांतेस म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठे वाल, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण, वरून कांदा आणि ऑलिव्ह तेल, रेवीथिया म्हणजे काबुली चण्याचं पातळ कालवण, होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी वर लिंबू पिळून, ब्रियाम म्हणजे मिक्स भाजी ओव्हनमधली. गेमिस्ता म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या, त्यात कधी खिमा असतो म्हणून विचारा. विचारायचं कसं, "होरीस क्रेआस?", म्हणजे मांसाशिवाय. त्यांच्या उपवासाचा एक शब्द आहे निस्तिसिमो, त्यात मांस, अंडी, दूध काही नसतं, पण एक घोटाळा आहे, कोळंबी, ऑक्टोपस, शिंपले उपवासाला चालतात! तेव्हा निस्तिसिमो ऐकून लगेच खूश होऊ नका.

आता डेल्फी. सकाळी लवकर निघा, उन्हाळ्यात ८ ला उघडतं आणि अथेन्सच्या बस यायला साधारण साडेदहा-अकरा होतात, ते अडीच तास तुमचे. तिकीट २०२५ पासून २० युरो, जागा आणि म्युझियम मिळून. ६ मार्च, १८ एप्रिल, १८ मे, २८ ऑक्टोबर, सप्टेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार आणि नोव्हेंबर ते मार्च पहिला रविवार, या दिवशी फुकट. आधी डोंगरावरचा भाग करा, थेट वरच्या स्टेडियमपर्यंत चढून जा आणि मग उतरत थिएटर, अपोलोचं देऊळ, अथेन्सकरांचा खजिना (देवाला वाहिलेल्या वस्तू ठेवायची छोटी इमारत) असं बघत या, चढ थंड वेळात होऊन जातो. देवळातले सहा खांब उभे आहेत तिथं पिथिया, म्हणजे अपोलोचा कौल सांगणारी पुजारीण, बसायची, लोक राज्यं चालवायचे सल्ले विचारायला यायचे. थंडीच्या तीन महिन्यांत अपोलो गावाला जातो म्हणून कौल बंद असायचा, म्हणजे देवालाही रजा होती. ऊन तापलं की म्युझियममध्ये घुसा. तिथला रथाच्या सारथ्याचा ब्राँझचा पुतळा, १८९६ मध्ये सापडला, त्याचे डोळे जडवलेले आहेत आणि पापण्यांचे केससुद्धा आहेत, त्याच्यापुढे निवांत उभे राहा. शेवटी रस्त्याच्या खालच्या बाजूला अथेना देवीचं ठिकाण, तीन खांबांचं गोल देऊळ, फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं, लोक मात्र तिथवर चालत जात नाहीत.

चालायची आवड असेल तर डेल्फीहून ख्रिसो गावातून ऑलिव्हच्या रानातून किर्रापर्यंत जुनी पायवाट आहे, उतरताना तीन-चार तास. वर बसने जा, पायी खाली या. पाणी भरपूर न्या, खालच्या भागात सावली आहे पण उतारावर नाही, जुलै-ऑगस्टमध्ये हा विचार सोडून द्या.

एखादा दिवस जास्त असेल तर पश्चिमेला जा. आधी ग्लिफादा, तिथून होडीने काही मिनिटांत त्रिझोनिया बेट, गाड्या नाहीत, जेवा, पोहा, परत या. मॅपवर टाकताना सांभाळा, अथेन्सचं एक उपनगरही ग्लिफादाच आहे. पुढे नाफ्पाक्तोस, गालाक्सिदीहून तास-सव्वा तास, व्हेनिसवाल्यांचं गोल बंदर आणि वर किल्ला. १५७१ ची ऑटोमन आरमाराविरुद्धची लेपांतोची लढाई या गावाच्या नावाने ओळखली जाते, इटालियन लोक याला लेपांतो म्हणायचे. डोंगर हवे असतील तर उलट्या बाजूला मोर्नोसचं धरण, अथेन्सच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग इथला. मुलं बरोबर असतील तर अम्फिसाच्या वरच्या अंगाला वागोनेत्तो म्हणून बॉक्साइटची जुनी खाण आहे, छोट्या गाडीत बसवून आत नेतात, आत थंडी असते, स्वेटर घ्या.

जाता जाता क्लीन मंडेचं सांगतो, ईस्टरआधीच्या उपवासाचा पहिला दिवस, ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या ४८ दिवस आधीचा सोमवार, २०२७ मध्ये १५ मार्च. त्या दिवशी गालाक्सिदीत रंगीत पिठाची लढाई होते, हजारो किलो पीठ उडतं, लोक आधीच घरं, दुकानं प्लॅस्टिकने झाकून घेतात. जायचं असेल तर खोली कितीतरी महिने आधी बुक करा, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना पोहण्याचा चष्मा लावा, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, कपडे असे घाला की संध्याकाळी फेकून देता येतील, आणि भाड्याची गाडी त्या दिवशी इतेआला लावून या.